भटारखान्याची तपासणी

बेंगळूर शहरातील शिवाजीनगर म्हणजे इंग्रजी अमदानीतील छावणीचा बाजारभाग. ब्लॅकपल्ली हे त्याचे जुने नाव. नव्या नावामुळे मराठी माणसाला शहाजीराजांच्या बेंगळूरच्या जहागिरीची आठवण व्हावी, हे साहजिकच आहे. परंतु रमजानच्या महिन्यात दिवेलागणीनंतर तेथे जाणाऱ्याला इतिहास आठवायला फारशी उसंत मिळत नाही. १९२७ साली बांधलेल्या रसेल मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांतून निखाऱ्यांवरच्या कबाबांचा धूर, कढईत तळल्या जाणाऱ्या सामोशांचा वास आणि हलीमच्या मोठमोठ्या हंड्या त्याला खेचून घेतात. दोन-तीन तासांत असंख्य माणसे तेथे जेवून जातात. हे अन्न निर्धोक आहे की नाही, हे कोण पाहते आणि कसे पाहते?

पुष्कळांची समजूत अशी की, हे सर्व महापालिकेच्या आरोग्य खात्याचे काम आहे. एके काळी ती बरीचशी खरीही होती. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला आणि त्याखाली अनेक शहरांत नगरपालिकांचेच निरीक्षक नमुने घेत असत. त्या कायद्याची दृष्टी मुख्यतः भेसळीवर होती : दुधात पाणी, हळदीत रंग, तुपात वनस्पती. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि ही जबाबदारी राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांकडे, त्यांच्या हाताखालील पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे आली. धंद्याचा परवाना, कचरा, गटारे ही कामे मात्र महापालिकेकडेच राहिली. तेव्हा हॉटेलाची मोरी तुंबली तर एका कचेरीत जायचे आणि रस्सा आंबला तर दुसऱ्या, अशी ही वाटणी आहे. गिऱ्हाइकाला ती सहसा ठाऊक नसते, आणि त्याची तक्रार दोन कचेऱ्यांच्या मध्ये अडकून पडते.

अन्न सुरक्षा अधिकारी उपाहारगृहात येतो तो टेबलखुर्च्या पाहण्यासाठी नव्हे. दर्शनी जागी नोंदणीचा किंवा परवान्याचा क्रमांक लावला आहे ना, एवढे पाहून तो थेट भटारखान्यात शिरतो. पाणी कोठून येते, टाकी केव्हा धुतली, कच्चे मांस आणि शिजलेले अन्न एकाच फळीवर कापतात काय, आचाऱ्यांची वैद्यकीय तपासणी वर्षाच्या आत झाली आहे काय, हात धुण्याच्या जागी साबण आहे की केवळ नळ आहे, हे तो पाहतो. तळणीच्या तेलाकडेही त्याचे लक्ष असते. तेच ते तेल पुनःपुन्हा तापविले की त्यात अपायकारक संयुगे साचतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल टाकून द्यावे, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे.

पण या साऱ्या पाहणीत महत्त्वाचे उपकरण कोणते म्हणाल, तर ते साधे तापमापक. पाच अंश सेल्सियसच्या खाली जंतूंची वाढ फार मंदावते आणि साठ अंशांच्या वर ती थांबते. या दोहोंमधल्या उष्णतेत अन्न जितका वेळ राहील, तितका धोका वाढतो. म्हणून आचेवर रटरटणारी हलीमची हंडी उघड्या रस्त्यावर असली तरी तिच्यापासून भय थोडे. त्याच टेबलावरची सकाळी वाटलेली चटणी, चिरून ठेवलेला कांदा आणि दुपारी शिजवून परातीत निवत ठेवलेला भात यांच्याकडे अधिक संशयाने पाहिले पाहिजे. भाताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अशी की, तांदळातील काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात आणि विष निर्माण करतात, आणि हे विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. “चांगले उकळून घेतले, आता काय होणार?” हा स्वयंपाकघरातला भरवसा येथे फसतो.

संशय आला तर अधिकारी नमुना घेतो. तो फुकट उचलून नेता येत नाही. चालू भावाने त्याची किंमत द्यावी लागते. मालकाला लेखी सूचना देऊन नमुन्याचे चार भाग करतात व ते मोहोरबंद करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि मालकाने मागणी केल्यास चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासला जातो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. तो मान्य नसेल तर मालकाला तीस दिवसांत अपील करता येते, आणि मग राखून ठेवलेला भाग म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या वरिष्ठ प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो. ही काळजी न्यायाची आहे. पण अहवाल येईपर्यंत ती हंडी केव्हाच रिकामी झालेली असते, हेही खरे.

२०२४ साली कर्नाटकात जे घडले त्यावरून नमुन्यांचे बळ दिसते. गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यांपैकी १०७ मध्ये घातक रंग आढळले. साखरेच्या कापसाच्या २५ नमुन्यांपैकी १५ सदोष निघाले. ऱ्होडामाईन-बी हा कापड रंगविण्याचा रंग त्यांत सापडला. मार्चमध्ये सरकारने या पदार्थांत कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली. पुढे कबाबांचे ३९ नमुने घेतले, त्यांतील ८ सदोष ठरले आणि जूनमध्ये कबाबांनाही तीच मनाई लागू झाली. कबाब लालभडक असला म्हणजेच चांगला, ही आवड अर्थात गिऱ्हाइकाची. विक्रेत्याने ती पुरविली इतकेच. रंग नमुन्यात पकडता येतो, कारण तो उद्याही तेथेच असतो. जंतूंचे तसे नाही. ते तासातासाला बदलतात. म्हणूनच २००६ च्या कायद्याने नमुन्याबरोबर भटारखान्याच्या रोजच्या व्यवहाराला महत्त्व दिले.

दोष आढळला की लगेच टाळे लागते असेही नाही. प्रथम सुधारणेची नोटीस देतात, तीत किमान चौदा दिवसांची मुदत असते. ती पाळली नाही तर परवाना निलंबित होतो, आणि पुढे रद्दही होऊ शकतो. लोकांच्या आरोग्याला तात्काळ धोका असेल तर मात्र आयुक्तांच्या संमतीने धंदा तडकाफडकी थांबविता येतो. हलक्या प्रतीचा माल किंवा अस्वच्छता यांचा दंड न्यायनिर्णय अधिकारी ठरवितो. असुरक्षित अन्नाचा खटला न्यायालयात चालतो. अधिकाऱ्याने आकसाने छळ केला तर त्यालाही दंडाची तरतूद या कायद्यात आहे, आणि छोट्या हातगाडीवाल्याला ती माहीत असणे इष्ट.

या कायद्याचे ४० वे कलम गिऱ्हाइकासाठी आहे. विकत घेतलेला पदार्थ कोणालाही स्वतः ठरलेली फी भरून विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. अट एवढीच की, खरेदीच्या वेळी तसा हेतू विक्रेत्याला सांगावा लागतो. पदार्थ सदोष निघाला तर फी परत मिळते आणि पुढची कारवाई खाते करते.