चार वाजताचा वायू

इंग्लंडमधल्या डर्बीशायरात लॉस्को नावाचं एक लहानसं गाव आहे. २४ मार्च १९८६ला भल्या सकाळी तिथली एक बंगली स्फोटाने जमीनदोस्त झाली. आतले तिघेही गंभीर जखमी झाले. साधारण ७० मीटरवर विटांच्या कारखान्याची जुनी खाण होती. ती कचऱ्याने भरून वर माती टाकलेली. त्या कचऱ्यातला मिथेन खडकाच्या भेगांतून सरकत घराखाली येऊन साठला होता. आसपासच्या बागांमधली झाडं आधीपासूनच वाळत होती, माती गरम लागत होती.

मला या प्रकरणाचं वेड लागलं ते एका आकड्यामुळे. त्या रात्री सात तासांत हवेचा दाब २९ मिलिबारने उतरला होता.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. कचऱ्यातला ऑक्सिजन संपला की मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ठिणगी पुरते. वरून झाकण घट्ट केलं की वायू आडव्या वाटा धरतो. झालं.

आता दाबाकडे वळू. बाहेरची हवा जमिनीवर जड असते तोवर मातीतला वायू दबून राहतो, उलट थोडी हवाच आत शिरते. दाब झपाट्याने उतरला की तोच वायू फसफसून बाहेर पडतो, सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा. म्हणजे कचरा डेपोच्या कडेने बोअर घेऊन तुम्ही वायू मोजलात आणि दाब चढता होता, तर वहीत शून्याच्या जवळचा आकडा पडेल. आकडा खरा, पण निष्कर्ष फसवा.

असं मोजमाप मी एकदा जवळून पाहिलं. बोअरमध्ये भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप, भोवती खडी, वरच्या भागात हवा शिरू नये म्हणून बेंटोनाइट मातीची डाट आणि डोक्यावर छोटी तोटी. तंत्रज्ञ पोराने आधी प्रवाह मोजला, मगच वायू खेचला. ‘सर, आधी वायू ओढला तर प्रवाह कळतच नाही,’ तो म्हणाला. मग मिथेन, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन. पहिला उसळलेला आकडा वेगळा, स्थिरावलेला वेगळा. पाण्याची पातळी अगदी शेवटी, कारण त्यासाठी टोपण उघडावं लागतं. उपकरण इन्फ्रारेडचं होतं, ते बरंच. वायू जाळून मोजणाऱ्या सेन्सरला ऑक्सिजन लागतो. जमिनीखाली तो नसला की भरपूर मिथेन असतानाही सेन्सर कमीच दाखवतो!

लॉस्कोत आणखी एक पेच होता. तो कोळशाचा मुलूख, तेव्हा मिथेन कोळशाच्या खाणीतला नाही कशावरून? उत्तर कार्बन-१४ने दिलं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षं, त्यामुळे कोट्यवधी वर्षांच्या कोळशात तो उरलेलाच नसतो. कालपरवाच्या कचऱ्यात मात्र असतो. मिथेनचा असा जन्मदाखला काढता येतो, हे मला आजही भारी वाटतं.

आपल्याकडे २०१६च्या घनकचरा नियमांत भूभरावाच्या जागी मिथेनला मर्यादा घातली: स्फोटाच्या खालच्या पातळीच्या २५ टक्के, म्हणजे हवेत सव्वा टक्का. मर्यादा ठीकच आहे. माझं भांडण घड्याळाशी आहे. लॉस्कोसारखी वादळी घसरण आपल्याकडे क्वचित. पण उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज भरती-ओहोटीसारखा हलतो: सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली, रात्री पुन्हा तेच. फरक काही मिलिबारचाच, पण रोजचा. आणि आपली पाहणी साधारण कधी होते? चहा झाला, गाडी निघाली, साडेदहाला डेपोवर! रात्रभराच्या चढउतारानंतर पहाटेपासून दाब चढत आलेला असतो, नेमका तेव्हाच आपण तोटी उघडतो. मुंबईतल्या देवनारसारख्या १९२७पासून कचरा पोटात घेणाऱ्या, वस्तीने वेढलेल्या जागेच्या कडेला तरी ही वेळ मला परवडणारी वाटत नाही.

दर तासाला आपोआप मोजणारी यंत्रं बोअरमध्ये सोडता येतात. ती महाग असतात. ती येईपर्यंत नोंदवहीत दोन रकाने वाढवावेत: दाब किती, आणि तो चढतोय की उतरतोय. दाबमापक हल्ली अनेकांच्या मोबाइलमध्येच असतो. आणि पाहणीची गाडी जेवणानंतर काढावी.