उतरणाऱ्या विमानांचा क्रम आणि संगणकाचा सल्ला

गणिताचा अध्यापक या नात्याने विमानतळाविषयी बोलण्याचा माझा अधिकार थोडा. परंतु या प्रश्नाच्या मुळाशी असलेले गणित शाळकरी मुलालाही वहीत मांडता येईल.

अवजड विमान आपल्यामागे हवेचे प्रबळ भोवरे सोडते. म्हणून उतरताना त्याच्यामागे दुसरे अवजड विमान असल्यास 4 सागरी मैल, हलके असल्यास 6 मैल अंतर राखावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत रूढ आहे. एरवी, रडारची सोय असेल तेथे, बहुधा 3 मैल पुरतात. आता दोन अवजड व दोन हलकी विमाने एकाच धावपट्टीकडे येत आहेत असे समजा. एकाआड एक, अवजड आधी, अशी उतरवली तर पहिल्या व शेवटच्या विमानांत 6, 3 आणि 6 मिळून 15 मैल पडतात. दोन्ही हलकी पुढे घेतली तर 3, 3 आणि 4, म्हणजे अवघे 10!

मग संगणकाने क्रम काढावा व नियंत्रकाने तो निमूटपणे पाळावा, एवढे पुरे नव्हे काय? अमेरिकेत नासाच्या एम्स संशोधन केंद्रात हाइन्झ एर्झबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीटास' ही सल्लागार प्रणाली सिद्ध केली, तेव्हा त्यांनी हा मार्ग धरला नाही. विमान दूर असतानाच ही प्रणाली त्याची उतरण्याची वेळ ठरवते, तीही मुख्यतः प्रथम येणाऱ्यास प्रथम या न्यायाने. कारण एका विमानाला दुसऱ्याच्या पुढे काढायचे म्हणजे नियंत्रकाला अधिक आज्ञा द्याव्या लागतात. चार मिनिटे उशीर हवा, एवढेच ती सुचवते. वेग कमी करावा की वळसा द्यावा, हे नियंत्रक ठरवतो. उशीर उंचीवर, दूरवरच सोसला तर विमानतळाजवळ खाली घिरट्या घालण्यापेक्षा इंधनही कमी जळते.

मला विशेष वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. रडारच्या प्रत्येक नव्या नोंदीबरोबर संगणक क्रम पुन्हा मांडू शकतो. पण वैमानिकाला दिलेली आज्ञा वारंवार फिरवता येत नाही. म्हणून विमान ठराविक टप्प्यात आले की त्याची वेळ गोठवली जाते, मग पुढे याहून सरस उत्तर सापडले तरी. गणिताच्या माणसाला हे पचायला जड जाते, हे कबूल करतो.

1996 मध्ये डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर या प्रणालीच्या अंतिम टप्प्याच्या साधनाची प्रत्यक्ष कामकाजात चाचणी झाली. पडद्यावर केवळ धावपट्टी व क्रमांक दिसत; वेग आणि दिशा नियंत्रकाकडेच राहिल्या. वेळापत्रकाच्या साधनाचे विकसित रूप अमेरिकेत आजही वापरात आहे. त्यात क्रम हाताने बदलण्याची मुभा आहे. मार्गात वादळी ढग आला, की माणूस क्रम बदलतो आणि यंत्र त्याप्रमाणे आपला हिशेब नव्याने मांडते.