टीव्हीवरचे मांजर

आमच्या चिखलीच्या घरात वर्षानुवर्षे टीव्हीवर मांजर असे. टीव्हीत नव्हे, टीव्हीवर. खोक्यासारखा तो जुना संच तासाभरात तापायचा आणि त्याच्या पाठीवर आमची मनी पाय पोटाशी घेऊन झोपायची. 1987 साली रविवारी सकाळी 'रामायण' लागले की गल्लीतली माणसे हात जोडून समोर बसत. मनीची शेपटी मधूनच पडद्यावर लोंबायची. आई ती हलकेच बाजूला सारायची. पडद्याच्या आत मात्र मनीच्या जातीला मानाचे पान वाढलेले मला फारसे आठवत नाही.

कुत्र्याचे बघा. 'तेरी मेहरबानियाँ' (1985) या चित्रपटात कुत्रा धन्याच्या खुनाचा सूड घेतो. 'हम आपके हैं कौन' (1994) मधला टफी क्रिकेटचा पंच होतो आणि शेवटी चिठ्ठी नेमक्या हाती पोचवून प्रेमिकांचा संसार वाचवतो. हे दोन्ही चित्रपट आपण टीव्हीवर किती वेळा पाहिले, याचा हिशेब नाही. 2003 साली 'हच' कंपनीच्या जाहिरातीतला नकट्या तोंडाचा पग एका पोराच्या मागे मागे नुसता चालला आणि घराघरांतला लाडका झाला. जिथे जाल तिथे मी मागे आहे, एवढेच त्याला सांगायचे होते.

आणि मांजर? भयपटात दार करकरले की काळे मांजर उडी मारते. नायक शुभ कामाला निघाला की ते आडवे जाते. कार्टूनमधला टॉम तर 1940 पासून मार खातो आहे. या मालिकेने सात ऑस्कर मिळवली, पण टॉमच्या वाट्याला इस्त्री, हातोडा आणि स्पाइक नावाचा बुलडॉगच आला. मी नोकरदार माणूस असल्यामुळे मला टॉमची नेहमी कीव येते. उंदीर पकडणे ही त्याची नोकरी. चुकला की मालकीण घराबाहेर काढणार. उंदीर मात्र सगळ्यांचा लाडका!

अपवाद म्हणून नातवंडे डोरेमॉन दाखवतील. 2005 साली तो आपल्याकडच्या वाहिनीवर आला आणि मुलांनी त्याला डोक्यावर घेतले. पण त्याला कान नाहीत, तो उंदराला घाबरतो आणि नोबिता रडला की धावत येतो. म्हणजे मांजरपण काढून घेतल्यावरच ते मांजर आपल्याला आवडले.

दोष एकट्या टीव्हीचा नाही. महाभारतात युधिष्ठिरासोबत स्वर्गाच्या दारापर्यंत जातो तो कुत्रा, आणि तो प्रत्यक्ष धर्म निघतो. उद्योगपर्वात मांजर येते ते गंगाकाठी तपाचे ढोंग करून उंदीर खाणारे. युधिष्ठिराला हिणवण्यासाठी दुर्योधन ती गोष्ट सांगून पाठवतो. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटावरही असे एक मांजर हात वर करून तप करताना कोरले आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत. आपल्या भाषेने मांजराला काय दिले? डोळे मिटून दूध पिणे आणि शिंक्याचे तुटण्याची वाट पाहणे!

कॅमेऱ्याचीही एक अडचण आहे. कुत्रा माणसाच्या तोंडाकडे पाहतो, बोट दाखवाल तिकडे जातो. मांजरही शिकते, पण शिकायचे की नाही हे तेच ठरवते. म्हणून परदेशी चित्रपटांत एका मांजराच्या भूमिकेसाठी सारख्या दिसणाऱ्या तीनचार मांजरांना वेगवेगळ्या करामती शिकवून ठेवतात. आता हातोहाती मोबाइल आले तशी मांजरांची चित्रे उदंड झाली. कारण उघड आहे. तिथे मांजराला हुकूम सोडावा लागत नाही. माणूसच त्याची वाट पाहतो.

कुत्रा माणसाजवळ आला तो शिकारीचा सोबती म्हणून. मांजर आले ते धान्याच्या मागे; धान्य साठले तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे मांजर. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजर पुरलेले सापडले, ते 2004 साली जगाला कळले. त्याला कोणी बोलावले नव्हते. काम होते म्हणून ते राहिले.

हे वाचले तेव्हा मला एक गोदाम आठवले. ऐंशीच्या दशकाअखेरी मी एका बाजारगावच्या शाखेत होतो. शेतकऱ्यांच्या ज्वारी-तुरीवर आम्ही तारण कर्ज देत असू आणि साठा तपासायला मला गोदामावर जावे लागे. फाटकाशी चौकीदाराचा कुत्रा असे. मी दिसलो की शेपटी हलवत धावायचा. मी खूश होऊन त्याला बिस्किट द्यायचो. आत थप्प्यांवर एक करडे मांजर असे. त्याने माझ्याकडे कधी मान वळवून पाहिले नाही.

गोदामाची वही पाहणारे आमचे एक कारकून त्या मांजरासारखेच होते. ते केबिनमध्ये यायचे नाहीत, साहेबांच्या विनोदावर हसायचे नाहीत. त्यांच्या गोपनीय अहवालात मी लिहिले, 'पुढाकार नाही. वरिष्ठांशी फटकून वागतात.' त्यांची बढती काही वर्षे लांबली. पुढे एका तपासणीत पोती कमी भरली, तेव्हा जुनी वही उघडली. दर आठवड्याची तूट त्यांनी तारखेनिशी, स्वच्छ अक्षरात नोंदवून ठेवली होती. खाली माझ्याच सह्या होत्या. मी न वाचता केलेल्या.

त्या वहीमुळे शेतकऱ्यांचे नुकसान भरून निघाले, मी वाचलो. त्यांचा अहवाल मात्र दुरुस्त झाला नाही. दुरुस्तीसाठी मी अर्ज करायला हवा होता, केला नाही. माझी चूक कागदावर आली असती.

मांजर कृतघ्न असते, घरावर प्रेम करते, माणसावर नाही, असे आपण सहज म्हणतो. टीव्हीनेही आपल्याला तेच शिकवले: प्रेम म्हणजे मागे धावणे, निष्ठा म्हणजे शेपटी हलवणे. कुत्र्याबद्दल माझी तक्रार नाही. तो खराच प्रेमळ. तक्रार आहे ती बघणाऱ्या डोळ्याबद्दल, आणि तो डोळा माझाही होता. घरात, कचेरीत, शाळेत अशी किती माणसे असतील, जी कामापुरती बोलतात आणि म्हणून आपल्या नजरेतून उतरतात!

मागच्या थंडीत ते गृहस्थ चिखलीच्या बाजारात भेटले. हातात मेथीची जुडी होती. मी बरेच काही बोलायचे ठरवत होतो. ते म्हणाले, "साहेब, गारठा वाढला. कानाला बांधत जा," आणि निघून गेले.

घरी आलो. भिंतीवरच्या सपाट टीव्हीने मांजराची जागा काढून घेतली आहे, असे मला वाटत होते. पाहतो तर मनीच्या वंशातली सध्याची मांजर खालच्या सेट टॉप बॉक्सवर अंग आखडून झोपली होती. वर पडद्यावर एक कुत्रा कुणाला तरी वाचवत होता. मी आवाज थोडा कमी केला.