जत्रेतल्या सिनेमागाडीचे वय कसे ओळखावे?

मलकापूर, नांदुरा, खामगाव अशा रस्त्याने प्रवास करताना गॅरेजच्या मागे किंवा एखाद्या वाड्याच्या परसात कधीकधी एक जुनी मालमोटार उभी दिसते. चाके जमिनीत रुतलेली, बॉनेट उघडे, मागे मात्र साध्या मालमोटारीसारखा हौदा नाही, तर खोलीसारखी बंद पेटी. पेटीच्या भिंतीला हातभर उंचीवर चौकोनी झरोका असेल, तर ती बहुधा 'टूरिंग टॉकीज'ची गाडी समजावी. तंबू बाहेर उभारायचा, यंत्र मात्र गाडीतच ठेवायचे आणि झरोक्यातून पडद्यावर प्रकाश सोडायचा, अशी ही रीत होती. सैलानीसारख्या मोठ्या यात्रांच्या हंगामावर या व्यवसायाचे पोट चाले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटामुळे महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रपटगृहांची ओळख २०१६ मध्ये कान महोत्सवापर्यंत पोहोचली. गाड्या मात्र एकेक करून भंगारात निघाल्या. गाडी किती जुनी आणि कोणी बनविली, एवढेही मालकाला ठाऊक नसले की तिचा भाव लोखंडाच्या किलोवर ठरतो.

वय ओळखण्याची सुरुवात नाकापासून करावी. समोरच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असेल, तर काम सोपे होते. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बनविण्यास प्रारंभ केला. हा करार १९६९ मध्ये संपला आणि ताऱ्याच्या जागी इंग्रजी 'टी' अक्षर आले. म्हणजे तारा असलेली गाडी या पंधरा वर्षांतली. अर्थात, जुन्या गाडीचा तारा हौसेने नव्या गाडीला बसविणारेही कमी नव्हते, म्हणून एकट्या चिन्हावर विसंबू नये.

डॉज, डिसोटो आणि फार्गो ही तीन नावे वाचकांना गोंधळात टाकतात. तिन्ही मुळात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या, आणि त्यांच्या मालमोटारींत नावाच्या पाटीखेरीज फारसा फरक नसे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडत. शेवर्ले असेल, तर दोन शक्यता उरतात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जुळणीचा कारखाना सुरू केला व १९५४ मध्ये तो बंद केला; तेव्हा मुंबईत जुळविलेली मालमोटार या काळातली. दुसरी शक्यता म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेली 'डिस्पोजल'ची गाडी. अशा गाड्या स्वस्तात मिळत. बेडफर्ड ही मूळची ब्रिटिश, परंतु पुढे बंगालमधील उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सनेही ती बनविली.

पाटी गेली असेल, चिन्ह गेले असेल, तर पाने घेऊन बसावे. ब्रिटिश वा अमेरिकी घराण्यातल्या गाडीच्या नटबोल्टांना इंचाचा पाना लागतो, टाटा-मर्सिडीजला मिलिमीटरचा. इंजिनवर मात्र हा प्रयोग करू नये. मूळचे पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे, अनेकदा मद्रासच्या सिम्पसन कंपनीचे पर्किन्स इंजिन बसविण्याची पद्धत होती. गाडीचा सांगाडा एका घराण्याचा आणि हृदय दुसऱ्याचे, असा प्रकार सर्रास आढळतो. मागची पेटी तर स्थानिक सुतार-लोहारांनी बांधलेली असते. ती चेसिसपेक्षा वीस वर्षांनी नवी असू शकते. आतल्या भिंतीवर चिकटविलेली चित्रपटांची भित्तिपत्रके मोह घालतात, पण 'जय संतोषी माँ'चे भित्तिपत्रक आढळले तर गाडी १९७५ नंतरही धंद्यात होती, एवढेच त्यावरून कळते.

खरा पुरावा चेसिस क्रमांक. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या चाकाजवळ, चेसिसच्या लांब पट्टीवर ठोकलेला असतो. चिखल आणि वंगण रॉकेलच्या बोळ्याने पुसावे. ग्राइंडर किंवा खरखरीत कागद लावू नये. अंक एकदा गेले की गाडीची ओळख संपली, शिवाय क्रमांकाशी छेडछाड केल्याचा संशय येतो तो वेगळाच. कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा. आरटीओ कार्यालयातही हीच पद्धत चालत आली आहे.

नोंदणी क्रमांकात तर जिल्ह्याचा इतिहासच दडलेला असतो. आजचा एमएच-२८ हा क्रमांक १९८९ नंतरचा. त्याआधी महाराष्ट्रात 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरे आणि पुढे चार अंक असत. पण बुलडाणा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात नव्हताच. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला, १९५० मध्ये त्याचा मध्य प्रदेश झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र. त्यामुळे जुन्या कागदांत 'सीपी' किंवा 'एमपी' अक्षरे दिसली, तर गाडी इंदूर-भोपाळहून आली, असे लगेच समजू नये. ती याच जिल्ह्यात नोंदलेली असू शकते, आणि मग ती १९५६ पूर्वीची ठरते.

वयाचा हा खटाटोप केवळ हौसेचा नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पुरातन वाहनांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटली असतील आणि चेसिस, सांगाडा वा इंजिनात मोठा बदल नसेल, तर वीस हजार रुपये शुल्कात 'व्हीए' मालिकेतील विशेष क्रमांक मिळतो. मात्र हे नियम दुचाकी व प्रवासी मोटारींपुरते आहेत, मालमोटारी त्यात बसत नाहीत. त्यातून सिनेमाच्या गाडीचा सांगाडा बदललेला, इंजिन बदललेले. ज्या बदलांमुळे ही गाडी चित्रपटगृह बनली, तेच बदल तिला नियमाबाहेर ठेवतात. प्रस्तुत लेखकास ही उणीव खटकते, आणि नियम करणाऱ्यांनी मालमोटारींचाही विचार करायला हवा होता, असे वाटते.

तोवर मालकांनी निदान एवढे करावे. भंगारवाल्याशी बोलणी करण्यापूर्वी चेसिसचा ठसा, आरसी बुकाच्या पहिल्या पानाची प्रत, पेटीच्या चारही बाजूंची आणि झरोक्याची आतून-बाहेरून छायाचित्रे घेऊन ठेवावीत. पेटीवर रंगविलेले टॉकीजचे नाव पुसट झाले असेल, तर पाण्याने हलकेच ओले करून पाहावे. खालच्या थरातले जुने नाव बऱ्याचदा वर येते.