अंथरूण ओले होण्याचा विकार : काही माहिती

बालरोग विभागात केसपेपर काढताना तक्रार विचारली की काही माता क्षणभर घुटमळतात आणि ‘पोट दुखते’ असे सांगून मोकळ्या होतात. डॉक्टरांच्या खोलीचे दार लोटल्यावर खरी तक्रार निघते : मूल रात्री अंथरूण ओले करते. अहवाल वर्षात आलेल्या अशाच एका नऊ वर्षांच्या मुलीला वसतिगृहातून घरी धाडण्यात आले होते आणि तिचे शिक्षणच खंडित होण्याच्या बेतात होते. म्हणून हा विषय आम्ही येथे मुद्दाम घेत आहोत.

वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत यास विकार मानीत नाहीत. पाचव्या वर्षी शंभरांतील सुमारे १५ मुलांना हा त्रास असतो, दहाव्या वर्षी सुमारे ५ जणांना. दरवर्षी यांपैकी अंदाजे १५ टक्के मुले आपोआप बरी होतात. गंडेदोऱ्यांना मिळणारे श्रेय बहुधा यांच्याच खात्यातले असते.

रात्री व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक अधिक स्रवते व मूत्रपिंडे लघवी कमी तयार करतात. काही मुलांत ही रात्रीची वाढ पुरेशी होत नाही. काहींचे मूत्राशय वयाच्या मानाने कमी लघवी साठवते. (मुलाच्या वयात एक मिळवून तिसाने गुणावे, सात वर्षांच्या मुलास २४० मिलिलिटर. हा हिशेब आम्हां कारकुनी माणसांनाही चटकन पटला.) मूत्राशय भरल्याचा इशारा मिळूनही झोप न मोडणे हे तिसरे कारण, आणि बद्धकोष्ठता हे वारंवार दुर्लक्षिले जाणारे चौथे. आनुवंशिकताही मोठी आहे. वडिलांच्या लहानपणीची हकीकत आजी सांगते, तेव्हा वडील खाली पाहू लागतात. झोपेत घडणाऱ्या या गोष्टीसाठी मुलाला मारणे वा चारचौघांत हिणवणे निरर्थक असून त्याने त्रास वाढतो.

उपचाराचा आरंभ साधा असतो : पाणी दिवसा भरपूर, सायंकाळनंतर बेताने, रात्रीचा चहा बंद, निजण्यापूर्वी लघवी, शौचास साफ होण्याची काळजी. त्यानंतर ओलावा लागताच वाजणारा अलार्म. दोन-तीन महिने नेटाने वापरल्यास सुमारे दोन-तृतीयांश मुलांना गुण येतो. मात्र प्रारंभी आवाजाने मूल उठत नाही, पालकांना उठून त्यास जागे करावे लागते. एका खोलीच्या बिऱ्हाडात सारे घर जागे होते आणि पुष्कळ कुटुंबे येथेच हात टेकतात. डेस्मोप्रेसिनच्या गोळीने लवकर उतार पडतो, परंतु ती घेण्यापूर्वी एक तास व नंतर आठ तास पाणी अगदी मोजके द्यावे लागते. अन्यथा रक्तातील सोडियम घटून झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती देऊ नये.

उपरोक्त मुलीस बद्धकोष्ठता होती. औषधे व अलार्म यांत एक सत्र घरी गेले. दुसऱ्या सत्रात ती वसतिगृहात परतली.

सहा महिने वा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागल्यास मात्र वाट पाहू नये. मधुमेह, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, घोरण्यासह श्वास अडखळणे किंवा मनावरील आघात यांचा शोध घ्यावा लागतो. प्रौढांत हा त्रास नव्याने सुरू होणे म्हणजे तपासणीची निकडच. यांखेरीज मज्जासंस्थेचे विकार, मद्य वा झोपेची औषधे हीही कारणे असतात. वयोवृद्ध पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्राशय तुडुंब भरते व लघवी झोपेत नकळत पाझरते. घरची मंडळी ‘वय झाले’ म्हणून मेणकापड अंथरतात आणि तोवर मूत्रपिंडांना इजा होत राहते.

तपासणीस येताना आठवडाभराची वही आणावी. किती रात्री अंथरूण ओले झाले, दिवसा किती वेळा लघवी झाली, शौचास केव्हा झाली आणि निजण्यापूर्वी काय प्यायले, एवढे लिहिलेले पुरे. केसपेपरवर ‘पोटदुखी’ लिहिले तरी चालेल; आत गेल्यावर तेवढी वही डॉक्टरांपुढे ठेवावी.