क्लास लावताय? फ्लेक्सवरच्या टॉपरला नाही, मागच्या बाकाला विचारा!

दहावीचा निकाल लागला की मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावात फ्लेक्स झळकतात. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, थेट कोटा! हसरे टॉपर, खाली ठळक मार्क. डॉक्टर व्हायचं हे तुम्ही ठरवलेलं असतं. क्लास मात्र मामा, काका आणि शेजारचा दादा ठरवतो. कापूस-सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो. म्हणून फी भरण्याआधी हे एवढं विचाराच.

पेपर काय मागतो?
नीटमध्ये 180 प्रश्न, 720 गुण आणि 180 मिनिटं. म्हणजे मिनिटाला एक प्रश्न. त्यातले 90 प्रश्न एकट्या बायोलॉजीचे. उत्तर चुकलं की एक मार्क कट. त्यामुळे 'सर भारी शिकवतात' एवढ्यावर भागत नाही. टेस्ट किती होतात, टेस्टनंतर चुका कोण समजावतं, डाउट विचारायला कुणी बसतं का, हे बघा. स्टेट बोर्डवाल्यांनी एनसीईआरटीची पुस्तकं नीट करून घेतात का, हेही विचारा. नीट मराठीतूनही देता येते. मराठीतून देणार असाल, तर सराव पेपर मराठीत मिळणार का?

बॅचमध्ये किती जण होते?
पाच टॉपरचे फोटो दिसतात, पण बॅच पाचशेची होती की पन्नासची? सरकारी एमबीबीएस किती जणांना मिळालं? टॉपर नक्की कुठल्या कोर्सला होता? दोन वर्षं शिकला, की फक्त टेस्ट सिरीज लावली होती? ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2024 च्या नियमांनुसार जाहिरातीत ही कोर्सची माहिती द्यावीच लागते. 'सिलेक्शनची गॅरंटी' असलं काही छापताही येत नाही. जमलं तर त्याच क्लासच्या मधल्या किंवा शेवटच्या बॅचमधल्या पोरापोरींशी बोला. खरं काय ते त्यांच्याकडूनच कळेल.

फी परत मिळेल का?
क्लासची फी, हॉस्टेल, मेस, एसटीचं भाडं असा दोन वर्षांचा हिशोब घरच्यांसोबत कागदावर मांडा. केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की क्लास मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी. हॉस्टेल-मेसचे पैसेही त्यात आले. हे क्लासकडून आधीच लिहून घ्या, पक्की पावती मागा आणि हप्ते पाडून घ्या.

कोट्याला निघालात?
एक मिनिट थांबा. राज्यातल्या सरकारी कॉलेजच्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात आणि त्यासाठी साधारणपणे दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते. बारावीचं ॲडमिशन राजस्थानात घेतलं तर ही वाट बंद होऊ शकते.

फी नसेल तर?
ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 'महाज्योती'चं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आहे, सोबत टॅब आणि डेटाही मिळतो. दहावीनंतर लगेच अर्जाची तारीख बघा. आयआयटी कानपूरचं 'साथी' पोर्टल तर सगळ्यांनाच फुकट आहे.

आता परभणीत 2023 पासून आणि जालन्यात 2024 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. जालन्यात 100 जागा आहेत. जागा घराजवळ आल्यात, तयारीसाठी प्रत्येकाने लांबच जायला पाहिजे असं नाही. आधी दोन-तीन ठिकाणी डेमो लेक्चरला बसा, हे प्रश्न विचारा. उत्तरं द्यायला जो क्लास टाळाटाळ करेल, तिथे पैसे भरू नका.