कॉलेजऐवजी छोटा कोर्स : घ्यायचा तर पारखून कसा घ्यावा?

(छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)

समोर बारावीची मुलंमुली दिसताहेत, मागे पालक बसलेत. दोघांच्या मनात एकच प्रश्न आहे, फक्त बाजू वेगळी. मुलांना वाटतं, तीन-चार वर्षं कॉलेजात घालवण्यापेक्षा सहा महिन्यांचा कोर्स करू आणि आयटीत लागू. पालकांना वाटतं, डिग्री नसेल तर पुढे कोण विचारणार? आज मला यातल्या एका बाजूचा वकील व्हायचं नाही. छोटं प्रशिक्षण कशामुळे चालतं आणि कशामुळे फसतं, एवढंच समजून घेऊ. ते समजलं की कुठल्या फलकावर विश्वास ठेवायचा, हे तुमचं तुम्हीच ठरवाल.

पहिली गोष्ट. कॉलेजला न जाता तंत्रज्ञान शिकणं हे काही अमेरिकेहून आलेलं फॅड नाही. आपल्या शहराला ते जुनं आहे. वाळूजला बजाजचा कारखाना आला तो १९८५ च्या सुमारास. त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने उभे राहिले. या सगळ्यांना हातानं काम करणारी, मशीन ओळखणारी माणसं लागत होती. ती आयटीआयमधून आली, पॉलिटेक्निकमधून आली आणि चिकलठाणा एमआयडीसीतल्या इंडो जर्मन टूल रूममधून आली.

टूल रूमकडे जरा नीट बघू, कारण आपला आजचा सगळा धडा तिथे आहे. ही केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची संस्था, जर्मनीच्या सहकार्यानं उभी राहिलेली. दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करता येतो, तसेच सीएनसी आणि कॅड-कॅमचे थोड्या महिन्यांचे कोर्सही असतात. पण ही नुसती शाळा नाही. तिथे कारखान्यांसाठी साचे आणि डाय प्रत्यक्ष बनतात. म्हणजे शिकणं आणि उत्पादन एकाच छपराखाली. प्रेसच्या डायमध्ये पंच आणि डायमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते. ती चुकली तर पत्र्याला बर येते आणि जॉब रिजेक्ट होतो. तिथे ‘मला समजलं होतं’ म्हणून चालत नाही. गेज लावलं की कळतं.

यात तीन गोष्टी आहेत, त्या लक्षात ठेवा. एक, काम खरं आहे. दोन, बरोबर-चूक ठरवणारं माप शिकवणाऱ्याच्या मर्जीवर नाही. तीन, तुम्ही कच्चे राहिलात तर नुकसान फक्त तुमचं होत नाही, शिकवणाऱ्या संस्थेलाही त्याची झळ बसते. छोटं प्रशिक्षण चालतं ते या तीन गोष्टींमुळे. सॉफ्टवेअरच्या बहुतेक क्लासेसनी टूल रूमसारखा कमी कालावधी घेतला, पण वर्कशॉप मागेच ठेवलं. दुखणं इथे आहे.

आता ‘सहा महिने’ या शब्दाकडे येऊ. सी-डॅकचा पीजी-डॅक हा कोर्स तुम्ही ऐकला असेल. तोही साधारण सहा महिन्यांचाच, २४ आठवड्यांचा. पण त्यात तास असतात ९००. भागाकार करा. आठवड्याला साडेसदतीस तास, आणि घरी करायचा सराव वेगळा. आता एखादा क्लास रोज दोन तास, आठवड्यातून पाच दिवस आणि तेवढेच २४ आठवडे चालतो असं धरा. तास झाले २४०. म्हणजे पाव हिश्शापेक्षा किंचित जास्त. दोघेही म्हणणार, ‘सहा महिन्यांचा कोर्स’. म्हणून चौकशीला गेलात की महिने विचारू नका, तास विचारा. आणि त्यातले किती तास स्वतः कीबोर्डवर हात ठेवून काम करायचं आहे, तेही विचारा. व्हिडिओ बघण्याचे तास त्यात धरू नका. पोहण्याचे व्हिडिओ बघून कोणी विहिरीत उडी मारत नाही.

आणखी एक. पीजी-डॅकला प्रवेश कोणाला? इंजिनिअरिंग, एमसीए किंवा तत्सम पदवी असलेल्यांना, तेही प्रवेश परीक्षा देऊन. म्हणजे झटपट म्हणून जो कोर्स इतका नावाजला, तो पदवीच्या डोक्यावर उभा आहे. ‘सहा महिन्यांत नोकरी लागली’ असं कोणाचं उदाहरण तुम्हाला दिलं, तर त्या मुलाच्या सहा महिन्यांखाली काय होतं, ते आधी विचारा.

मग बारावीनंतर थेट जायचा रस्ता नाहीच का? आहे. पण तो कुठे पक्का आहे ते बघा. झोहो या कंपनीनं २००५ च्या सुमारास चेन्नईत स्वतःची शाळा सुरू केली. बारावी किंवा डिप्लोमा झालेली मुलं घ्यायची, फी घ्यायची नाही, उलट विद्यावेतन द्यायचं, आणि शिकवून आपल्याच कामावर घ्यायचं. एचसीएलच्या टेकबी योजनेत गणित घेऊन बारावी झालेल्या मुलांची आधी निवड होते, मग सुमारे वर्षभर प्रशिक्षण, मग कंपनीत काम, आणि कामासोबत पदवीचं शिक्षण. या दोन्हींत शिकवणारा आणि नोकरी देणारा एकच आहे. तुम्ही कच्चे राहिलात तर ती अडचण त्याची आहे. म्हणून तो निवडताना कडक असतो आणि शिकवताना मन लावून शिकवतो.

आपल्या कायद्यातही अशी सोय आहे. १९६१ चा अप्रेंटिस कायदा. कारखान्यात शिकाऊ म्हणून लागायचं, काम करत शिकायचं, स्टायपेंड घ्यायचा. २०१६ पासून राष्ट्रीय योजनेत सरकार त्या स्टायपेंडचा काही भाग उचलतं. आणि ‘टेक्नॉलॉजी’ म्हणजे फक्त हिंजवडीची काचेची इमारत, असं कोणी सांगितलं? वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, आता बिडकीन. इथे पीएलसी चालवणारा, रोबोचा प्रोग्राम बदलणारा, सीएनसीचं सेटिंग करणारा माणूस तंत्रज्ञच आहे. घरून डबा घेऊन जाता येईल अशा अंतरावरचं हे करिअर आहे. ते आधी बघा.

आता फलकावरच्या टक्क्यांकडे. ‘८० टक्के प्लेसमेंट’. समजा १०० मुलांनी फी भरली. ४० मधेच गळाली. उरलेल्या ६० ची क्लासनं चाचणी घेतली आणि त्यातल्या ३० जणांनाच ‘प्लेसमेंटला पात्र’ ठरवलं. ३० पैकी २४ जणांना काहीतरी काम मिळालं. २४ भागिले ३०, झाले ८० टक्के. आकडा खोटा नाही. पण फी भरलेल्या १०० जणांच्या हिशोबानं तो २४ टक्के आहे. हे उदाहरण मी समजण्यासाठी रचलंय, पण असा प्रकार खरोखर घडतो. अमेरिकेत ब्लूमटेक नावाची कोडिंग शाळा होती, आधीचं नाव लॅम्बडा स्कूल. ‘आता फी नको, नोकरी लागल्यावर पगारातून द्या’ हा तिचा करार फार गाजला. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागानं तिच्यावर कारवाई केली. शाळा जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के प्लेसमेंट सांगत होती, आणि गुंतवणूकदारांना दाखवलेले आकडे ५० टक्क्यांच्या आसपास होते. शिवाय पगारातून पैसे देण्याचा तो करार म्हणजे कर्जच होतं, हे मुलांना नीट सांगितलेलं नव्हतं. इतक्या जागरूक देशात हे झालं. तेव्हा आपण भागाकाराच्या खालची संख्या विचारायला लाजू नये.

आता पालकांची बाजू. पदवीचं महत्त्व मराठवाड्यात वेगळं आहे, हे मुलांनी समजून घेतलं पाहिजे. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथे कॉलेज सुरू केलं, तेच आपलं मिलिंद. त्याआधी या भागातल्या गरीब मुलाला कॉलेज म्हणजे परमुलुखच होता. विद्यापीठ आलं १९५८ मध्ये. म्हणजे ज्या घरात आजोबांना कॉलेजचं दार दिसलं नाही, त्या घरातल्या आईनं ‘डिग्री सोडू नको’ म्हणणं हा जुनाट विचार नाही. तो अनुभव आहे. आणि व्यवहारही आहे. एमपीएससीच्या राज्यसेवेला बसायचं तर पदवी लागते. बँकेच्या अधिकारी पदाला लागते. कोर्सच्या प्रमाणपत्रानं ही दारं उघडत नाहीत.

पण पदवी घेणं आणि तीन वर्षं कॉलेजच्या कट्ट्यावर बसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याचसाठी आहे. काम करत करत पदवी घेता येते. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश आहे, डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे : लवकर कमवायला लागा, पण परतीचं दार बंद करून जाऊ नका.

पैसे भरण्याआधी चार कामं करा. एखादा दिवस वर्गात बसू द्या म्हणा. नाही म्हटलं तर उठून या. मागच्या बॅचच्या मुलांशी स्वतः बोला, क्लासनं निवडून दिलेल्या दोघांशी नव्हे. परीक्षा कोण घेतं ते विचारा. आणि मधेच सोडलं तर पैशाचं काय, ते लेखी घ्या.

आता प्रश्न घेऊ.

मी गंगापूरहून येतो, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज सोडून कोर्स लावू का?

सोडू नका. दोन वर्षं निघालीच आहेत. सोबत काहीतरी करा. विद्यापीठाच्या आवारात नाइलिटचं केंद्र आहे. त्यांचा ‘ओ लेव्हल’ बारावीनंतर करता येतो, वर्षभराचा आहे. त्यात शिकवणारी संस्था कुठलीही असो, परीक्षा नाइलिट घेतं. मघाशी गेजचं बोललो ना, ते हेच. मात्र एमएस-सीआयटी झालंय म्हणून नोकरी मिळेल असं समजू नका. ती संगणकाची ओळख आहे, धंदा नाही.

मॅडम, क्लासवाले म्हणतात फी हप्त्यानं भरा, व्याज नाही. मुलीचे वडील शेती करतात.

ताई, तो हप्ता क्लासला जातो की फायनान्स कंपनीला, हे आधी बघा. फायनान्स कंपनीला जात असेल तर ते तुमच्या नावावरचं कर्ज आहे. मुलीनं क्लास सोडला किंवा क्लासच बंद पडला, तरी हप्ता आपोआप थांबत नाही. कागद घरी आणा, कोणाकडून तरी मराठीत वाचून घ्या, मग सही करा. मुलीला शिकवाच. पण आधी महिनाभर फुकट मिळतं ते घरी शिकून बघू द्या. रोज तीन-चार तास बसायची गोडी लागली, तर पुढचा खर्च वाया जाणार नाही.

एआय कोड लिहितंय. मग हे सगळं शिकून उपयोग काय?

सोपा कोड मशीन लिहितं, खरं आहे. म्हणून नुसता तेवढाच शिकवणारा कोर्स आता आणखी कमी उपयोगाचा. पण लिहिलेलं बरोबर आहे का, ग्राहकाला हेच हवं होतं का, रात्री बंद पडलं तर कुठे बघायचं, हे कळणारा माणूस लागतोच. सीएनसी आलं तेव्हाही लोक म्हणाले, आता टर्नर गेला. लेथ हातानं चालवायचं काम कमी झालं, हे खरं. पण मशीननं कापलेला जॉब हातात घेऊन ‘यात गडबड आहे’ म्हणणारा आजही हवा असतो. तुम्ही ते शिका, आणि जो कोर्स ते शिकवतो त्यालाच फी द्या.